चौसष्ट की एकशे अठ्ठावीस? टॅबलेटच्या जीबीचा हिशेब

टॅबलेट घ्यायला गेलं की एकाच मॉडेलच्या दोन-तीन किमती समोर येतात. स्क्रीन तीच, बॅटरी तीच, रंगही तेच. फरक फक्त जीबीच्या आकड्यात. या फरकासाठी एक कंपनी दोन हजार रुपये जास्त मागते, दुसरी दहा हजार. ग्राहक मग "पुढेमागे लागेल" म्हणून सगळ्यात मोठा आकडा घेतो, नाहीतर "नंतर कार्ड टाकू की" म्हणत सगळ्यात स्वस्तातला उचलतो. दोन्हीकडे पैसे फुकट जाऊ शकतात. आपल्याला किती जागा लागेल हे कागद-पेन घेऊन दहा मिनिटांत काढता येतं, आणि ती जागा रास्त भावात मिळतेय का, हेही.

आधी खोक्यावरचा मजकूर. तिथे "८ जीबी + १२८ जीबी" असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रॅमचा, दुसरा स्टोरेजचा. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि स्टोरेज म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असला की काम अडखळतं, कोठी लहान असली की सामान ठेवायला जागा उरत नाही. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. अलीकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरात "१६ जीबी रॅम" आणि खाली बारीक अक्षरात "८ + ८" असं छापतात. तो दुसरा ८ म्हणजे कोठीतलाच एक कोपरा ओटा म्हणून वापरायचा प्रकार. स्टोरेजमधले ८ जीबी रॅमच्या नावावर लावलेले असतात. स्टोरेजचा वेग खऱ्या रॅमच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे फायदा जेमतेम आणि जागा मात्र हमखास जाते. बहुतेक टॅबलेटच्या सेटिंगमध्ये हे बंद करता येतं. चौसष्टवाल्याने ते पहिल्याच दिवशी करावं.

६४ मधले हातात किती येतात?

कंपनी १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते. विंडोज आणि काही सॉफ्टवेअर मात्र १०२४ च्या पटीत मोजतं. त्या मापाने ६४ चे ५९.६ होतात, १२८ चे ११९.२ आणि २५६ चे २३८.४. यात लबाडी नाही, मापं दोन आहेत इतकंच. १९९८ साली इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशनने दुसऱ्या मापाला "गिबीबाइट" असं वेगळं नाव देऊन पाहिलं, पण दुकानात त्या नावाने विचारलंत तर विक्रेता तुमच्याकडे बघत राहील.

खरा लचका तोडते ती ऑपरेटिंग सिस्टिम. अँड्रॉइड, त्यावर कंपनीने चढवलेला स्वतःचा साज आणि आपण न मागता आलेली ॲप्स असं मिळून १० ते २० जीबी सहज जातात. म्हणजे ६४ जीबीच्या नव्या कोऱ्या टॅबलेटमध्ये चाळीस-पंचेचाळीस जीबी हाती लागले तर ठीकच म्हणायचं. विंडोजवाल्या टॅबलेटची गोष्ट याहून बिकट. २०१३ मध्ये पहिला सरफेस प्रो बाजारात आला, तेव्हा त्याच्या ६४ जीबीच्या मॉडेलमध्ये सुमारे २३ जीबीच मोकळे राहतील, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं. विकत घेतलेल्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश आधीच भरलेलं!

उरलेली जागाही काठोकाठ भरायची नसते. स्टोरेजच्या फ्लॅश चिपवर लिहिताना लहान लहान पानांवर लिहिता येतं, पण खोडताना एकेक पान खोडता येत नाही, अख्खा ब्लॉकच, म्हणजे पानांचा गठ्ठाच, खोडावा लागतो. त्यामुळे एखाद्या ब्लॉकमधली दोन पानं नको असतील तर चिप बाकीची पानं दुसरीकडे उतरवून घेते आणि मग तो ब्लॉक पुसते. ही उचलठेव करायला रिकामी जागा लागते. ती संपत आली की टॅबलेट अचानक रखडायला लागतो, किबोर्ड उशिरा उघडतो, कॅमेरा विचार करत बसतो. लोकांना वाटतं टॅबलेट जुना झाला. पुष्कळदा तो फक्त भरलेला असतो. दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी सोडावी. सिस्टिमचं मोठं अपडेट उतरवायलाही ती लागतेच.

एकूण ६४ चा टॅबलेट म्हणजे व्यवहारात ३५ ते ४० जीबी, आणि १२८ चा म्हणजे साधारण ९० ते १०० जीबी. आकडा दुप्पट, पण वापरायची जागा अडीचपट, कारण सिस्टिमचा वाटा दोन्हीकडे तेवढाच राहतो. चौसष्ट आणि एकशे अठ्ठावीस यांच्यातला खरा फरक इथे आहे.

तुमच्या घरातला हिशेब

प्रश्न एकच विचारायचा: नेट नसताना या टॅबलेटवर काय काय असायला हवं? जे नेटवरूनच बघायचं ते स्टोरेजच्या हिशेबात जवळपास धरायचंच नाही. सकाळी ई-पेपर, दुपारी यूट्यूबवर नाट्यगीतं, संध्याकाळी नातीशी व्हिडिओ कॉल असा आजोबांचा दिनक्रम असेल तर ६४ जीबी पुरून उरतात. फक्त व्हॉट्सॲपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करून द्या, नाहीतर सुप्रभातचे फुलवाले फोटो आणि देवांचे व्हिडिओ मिळून वर्षभरात टॅबलेट गिळतील.

वाचनाला जागा फारशी लागत नाही. टाइप केलेलं ई-पुस्तक एक-दोन एमबीचं, स्कॅन केलेलं जुनं पुस्तक पन्नास-शंभर एमबीचं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये मोफत उतरवता येतात. एका इयत्तेची सगळी घेतली तरी गाडं एखाद-दोन जीबीच्या पुढे जात नाही. गाणी १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ हजार बिट) असतील तर तासाला ६० एमबीच्या आत.

जागा खातो तो व्हिडिओ. त्याचं गणित सोपं आहे: १ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट, आठ बिटांचा एक बाइट) वेगाचा व्हिडिओ तासाला ४५० एमबी घेतो. २ एमबीपीएसचा घेतला की ९०० एमबी. फळ्यावर लिहीत शिकवणाऱ्या शिक्षकाचं लेक्चर १ एमबीपीएसला नीट दिसतं. क्रिकेट किंवा सिनेमा त्या वेगाला धुरकट वाटतो.

आता अकरावी-बारावीतली, 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी डोळ्यासमोर आणा. लातूरला खोली घेऊन राहते, वायफाय नाही, मोबाइलचा डेटा मोजून मिळतो. रोज चार तासांची लेक्चरं उतरवली तर १.८ जीबी. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ४५ जीबी. आणि लेक्चर एकदा बघून पुसून टाकायचं नसतं, परीक्षेआधी उजळणीला लागतं. ६४ जीबीचा टॅबलेट महिना संपायच्या आत हात टेकतो. १२८ चा दोन महिने धरतो. नागपूरची महाज्योती संस्था ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना अशा परीक्षांच्या तयारीसाठी मोफत टॅब देते आणि त्याबरोबर रोजचा ६ जीबी डेटाही देते. हे जोडीने देण्यात अर्थ आहे. डेटा भरपूर असला की लेक्चर पुसून पुन्हा उतरवता येतं, स्टोरेजवरचा ताण हलका होतो. डेटा जितका तुटपुंजा, तितकं स्टोरेज जास्त लागतं.

गेम खेळणाऱ्या पोरांचं काय सांगावं. गेन्शिन इम्पॅक्टसारखा एकच गेम वीस जीबीच्या वर जातो आणि दर अपडेटला फुगतो. घरात असं कोणी असेल तर ६४ चा विचारच सोडा.

कार्ड टाकू की नंतर

ही पळवाट अर्धीच खरी. एक तर सगळ्या टॅबलेटना कार्डाची खाच नसते. आयपॅडला कधीच नव्हती. २०२३ चे शाओमी पॅड ६ आणि वनप्लस पॅड यांनाही नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब ए९ प्लसमध्ये १ टीबीपर्यंतचं कार्ड चालतं. गंमत म्हणजे खाच बहुधा स्वस्त टॅबलेटला मिळते, महागड्याला नाही. जिथे कंपनीला स्टोरेजच्या पायऱ्या विकायच्या असतात तिथे ती गायब होते, असा माझा तरी अंदाज आहे.

दुसरं, खाच असली तरी कार्डावर सगळं जात नाही. फोटो, गाणी, पीडीएफ, साधे व्हिडिओ जातात. नेटफ्लिक्ससारखी काही ॲप्स डाउनलोडही कार्डावर ठेवू देतात. पण बहुतेक कोचिंग ॲप्सची लेक्चरं कुलूपबंद स्वरूपात ॲपच्या आतच, म्हणजे टॅबलेटच्या मूळ स्टोरेजमध्ये बसतात. वरच्या लातूरच्या मुलीला कार्डाचा उपयोग शून्य होऊ शकतो. ॲपच्या सेटिंगमध्ये "डाउनलोड कुठे ठेवायचं" असा पर्याय आहे का, ते टॅबलेट घेण्याआधी कोणाच्या तरी फोनवर बघून घ्या. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, कार्डाला मूळ स्टोरेजमध्ये मिसळून टाकायची सोय आहे, पण सॅमसंगसह अनेक कंपन्या ती देत नाहीत.

कार्ड घ्यायचंच तर त्यावर ए१ किंवा ए२ असा शिक्का बघा. ॲपसाठी लागणारी बारीकसारीक वाचणी-लिहिणी कार्ड किती वेगात करतं, ते यावरून कळतं. नुसतं "क्लास १०" म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, एवढंच. आणि दीडशे-दोनशे रुपयांत १ टीबी विकणाऱ्याकडे पाहून पुढे चालू लागा. अशा कार्डात आत लहान चिप असते आणि ती मोठी असल्याचं खोटं सांगायला तिला शिकवलेलं असतं. फाइल टाकताना सगळं सुरळीत दिसतं. चिप भरल्यावर पुढचं लिहिलेलं हरवतं किंवा जुन्यावर चढतं. लग्नाचे फोटो उघडायला जावं तेव्हा हे समजतं. नवं कार्ड आणलं की संगणकाला लावून विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवावं. ते कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून बघतं. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, पण परत करायची मुदत संपायच्या आत हे होऊन जाऊ द्या.

जीबी किती, यासोबत कसले, हेही विचारा

याच्याकडे जाहिरातीत कोणी लक्ष वेधत नाही. स्टोरेजच्या चिपचे टॅबलेटमध्ये मुख्यतः दोन प्रकार आढळतात, ईएमएमसी आणि यूएफएस. ईएमएमसी ५.१ ची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी, आणि ती एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते. यूएफएस दोन्ही एकदम करते, आणि यूएफएस ३.१ ची चिप वाचताना प्रत्यक्षात दोन हजार एमबीच्या आसपास जाते. रेडमी पॅड एसईमध्ये ईएमएमसी ५.१ आहे, शाओमी पॅड ६ मध्ये यूएफएस ३.१. दोन्हीच्या खोक्यावर १२८ जीबीच लिहिलेलं. पहिला २०२४ मध्ये १३ हजारांच्या आत सुरू झाला, दुसरा २०२३ मध्ये २७ हजारांच्या आत. किमतीत स्क्रीन, प्रोसेसर असे बाकीचेही फरक आहेत, पण दोन वर्षांनी जो फरक बोटाला जाणवतो त्यात या चिपचा वाटा मोठा असतो. व्हिडिओ बघायला ईएमएमसी पुरते. एकीकडे पीडीएफवर लिहायचं, दुसरीकडे लेक्चर चालू, मागे काहीतरी उतरतंय, अशा वापराला यूएफएस हवी.

मग पैसे किती द्यायचे?

मूळ किमतीकडे बघण्याआधी पुढच्या पायरीची किंमत बघा. शाओमी पॅड ६ भारतात आला तेव्हा ६ + १२८ चे २६,९९९ रुपये आणि ८ + २५६ चे २८,९९९. वनप्लस पॅडचे ८ + १२८ चे ३७,९९९, तर १२ + २५६ चे ३९,९९९. दोन्हीकडे दोन हजारांत स्टोरेज दुप्पट आणि वर रॅमही वाढलेली. अशी पायरी समोर असेल तर हिशेब करत बसू नका, वरचं मॉडेल घ्या.

आता आयपॅड. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ए१६ चिपच्या आयपॅडचे १२८ जीबीला ३४,९०० रुपये, २५६ ला ४४,९०० आणि ५१२ ला ६४,९००. तेवढ्याच १२८ जीबीच्या वाढीला दहा हजार, आणि रॅम वाढत नाही. स्टोरेजच्या चिपचा खर्च बघून हा आकडा ठरलेला नाही, हे ॲपलचा इतिहासच सांगतो. २०१० चा पहिला आयपॅड अमेरिकेत १६ जीबीला ४९९ डॉलर, ३२ ला ५९९, ६४ ला ६९९ असा विकला गेला. तेव्हा १६ जीबी वाढवायला १०० डॉलर. आज त्याच १०० डॉलरमध्ये १२८ जीबी वाढतात. पायरीची उंची पंधरा वर्षं तीच ठेवून आतलं सामान तेवढं वाढवत नेलं. ग्राहक एका पायरीला किती देईल, यावरून ठरवलेली ही किंमत आहे.

म्हणून आयपॅडमध्ये सगळ्यात खालचं मॉडेलच बहुतेकांना फायद्याचं पडतं. आणि आता ते पुरतंही. २०२२ मध्ये दहाव्या पिढीचा आयपॅड ४४,९०० रुपयांना आला तेव्हा त्यात ६४ जीबीच होते आणि पुढची उडी थेट २५६ वर. ती कोंडी २०२५ मध्ये फुटली. मोबाइल नेटवर्कवाल्या आयपॅडला पंधरा हजार जास्त पडतात. फोनचा हॉटस्पॉट असताना ते कशाला द्यायचे, मला कधी उमगलं नाही.

अँड्रॉइडमध्ये ढोबळ भाव असा धरा. दहा हजारांच्या आत ६४ किंवा त्याहून कमी जीबी आणि ३-४ जीबी रॅम मिळते. नुसतं बघण्या-वाचण्यासाठी असेल तरच. बारा ते सोळा हजारांत १२८ जीबी मिळालेच पाहिजेत. या भावात कोणी ६४ देत असेल तर नको म्हणा. वीस हजार ओलांडले की १२८ सोबत ८ जीबी रॅम मागा, आणि पंचवीसच्या पुढे यूएफएस असल्याची खात्री करून घ्या. पस्तीस-चाळीस हजार देताना २५६ मिळायला हवेत. आयपॅड हा एकच अपवाद, तिथे पैसे प्रोसेसरचे आणि अनेक वर्षं मिळणाऱ्या अपडेटचे असतात.

यापेक्षा फार स्वस्त काही दिसलं तर आकाश आठवावा. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत मोठ्या गाजावाजात आलेला तो सरकारी टॅबलेट सरकारला सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता. आत २५६ एमबी रॅम आणि २ जीबी स्टोरेज. कल्पना उत्तम होती, पण मुलं त्यावर शिकू शकतील इतकं ते यंत्र चालतच नव्हतं.

वरच्या किमती मॉडेल बाजारात आले तेव्हाच्या आहेत. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये बँकेच्या कार्डावर दोन-चार हजार उतरतात हे खरं, पण २०२५ च्या अखेरीपासून वारं उलटं फिरलंय. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी इतकी वाढवली की मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. चिप महागली की स्वस्त टॅबलेटला सगळ्यात आधी झळ बसते, कारण त्याच्या किमतीत चिपचा वाटा मोठा. "पुढच्या वर्षी स्वस्त होईल" हा जुना भरवसा सध्या ठेवू नये. व्यवसायासाठी घेत असाल तर बिलावर जीएसटी नंबर टाकून घ्या. टॅबलेटवर १८ टक्के कर आहे, त्याचं क्रेडिट मिळू शकतं.

क्लाउडचं सगळे सांगतात. गूगल १५ जीबी फुकट देतं, ॲपल ५. गूगलचे १०० जीबी घेतले तर महिन्याला १३० रुपये, वर्षाचे एकदम भरले तर १,३००. तीन वर्षांचे ३,९००. दोन हजारांची पायरी चढणं याहून स्वस्त पडतं. टॅबलेट हरवला तर फोटो शाबूत राहावेत म्हणून क्लाउड जरूर घ्या, जागा म्हणून घेऊ नका. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, आणि क्लाउडवरचा सिनेमा पहिल्या दोन-तीनमध्येच थांबतो.

राहिले ते ५१२ जीबीवाले. ते घ्यावं असे लोक थोडे: व्हिडिओ एडिट करणारे, रेकॉर्डिंग करणारे गायक-वादक. आयपॅडवर फोर-के व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमने घेतला तर मिनिटाला १७० एमबी, म्हणजे तासाभराच्या मैफलीला १० जीबी. पण त्यांनीही १२८ वरून ५१२ वर जायला तीस हजार मोजण्याआधी एसएसडीचा, म्हणजे बाहेरून लावायच्या चिपवाल्या डिस्कचा, भाव विचारावा. २०२५ मध्ये १ टीबीची एसएसडी आठ-दहा हजारांत येत होती, आणि २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून ती आयपॅडला थेट लावता येते. ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा म्हणजे विंडोजवरही उघडेल. एक मात्र ध्यानात ठेवा: ए१६ च्या आयपॅडचा यूएसबी-सी पोर्ट दिसायला नवा असला तरी आत यूएसबी २ च्याच वेगाने चालतो, त्यामुळे ती दहा जीबीची मैफल बाहेर काढायला चार-पाच मिनिटं लागतात.